बाबांना कोणी उचलायचं नाही

आमचा धंदा लोकांची घरं हलवायचा. म्हणजे घर असतं तिथेच राहतं, आतलं सगळं आम्ही हलवतो. कपाटं, पलंग, फ्रीज, आणि एकदा तर पाण्यासकट माशांची पेटी, कारण मालकीणबाई मासे बाहेर काढू देईनात. बाबांनी हे चाळीस वर्षं केलं. त्यातली शेवटची बावीस मी त्यांच्या हाताखाली आहे. ट्रक माझा नवरा चालवतो. उचलायला दोन माणसं आहेत, एक लांबट आणि एक पैलवान. लांबट खरोखरच लांबट आहे. पैलवान मात्र फुंकर मारली तर उडेल असा. बाबांनी त्याला पहिल्या दिवशी गमतीने पैलवान म्हटलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं.

कामावर बाबांचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते ट्रकचं फाळकं लागेपर्यंत बंद व्हायचं नाही. कपाट तिरकं कर, पाठ वाकवू नकोस, डोळे काय खिशात ठेवलेस का, असं अखंड चालायचं. मीही काही कमी नाही. एक ऐकलं की दोन ऐकवते, हे सासरी आणि माहेरी दोन्हीकडे मान्य झालेलं आहे. बावीस वर्षं आम्ही बापलेक रोज भांडलो आणि रोज एकाच डब्यातून जेवलो. आईच्या माघारी ते माझ्याकडेच राहायला आले, तेव्हापासून तर भांडायला रविवारही मोकळा मिळाला.

तर बाबा पडले. आणि पडले कशावरून, तर ढकलगाडीवरून. चार छोट्या चाकांवर फळी, गुडघ्याच्याही खाली येईल एवढीच उंच. तिच्यावर उभं राहून ते कपाटाच्या माथ्यावरची दोरी सोडत होते. दोरी सुटली, बाबांनी खाली उतरायला पुढे पाऊल टाकलं, आणि ढकलगाडी मागे पळाली. कोणीही उतरताना पुढे जातो तो पायाखालच्या वस्तूला मागे ढकलूनच. पायरी असेल तर ती हलत नाही, उलट तीच आपल्याला पुढे रेटते. चाकं असली की ती वस्तू पळते आणि आपण मधल्यामध्ये आपटतो. म्हणून ढकलगाडी उभी केली की चाकाखाली लाकडी गुटका ठेवायचा, हा आमच्याकडचा पहिला नियम. त्या दिवशी चाकाखाली गुटका नव्हता. दार सारखं मिटत होतं, म्हणून तो मी काढून दाराखाली सारला होता, आणि हे मी कोणाला सांगितलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि दहाव्या दिवशी बाबा घरी आले. आता आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. पण आम्हाला कसली काळजी? आमचं पोटच त्यावर चालतं. बाबांना त्यांच्या लाकडी खुर्चीत बसवलं, छातीवरून आणि मांड्यांवरून पट्टे आवळले, भिंती खरवडू नयेत म्हणून खुर्चीच्या हातांना पुठ्ठ्याचे कोपरे लावले. खाली मी आणि लांबट, वर पैलवान आणि नवरा. सात मिनिटांत वर. भिंतीला ओरखडा नाही, बाबांना धक्का नाही. शेजारणीने दारात येऊन शाबासकी दिली. पैलवानाने मस्करीत खुर्चीच्या पाठीला 'जपून हाताळा'ची चिठ्ठी चिकटवली होती, ती बघून आम्ही सगळे हसलो. बाबा हसले नाहीत. चोपन्न पायऱ्यांत ते एक अक्षर बोलले नव्हते. मला वाटलं, दुखत असेल.

मग आम्ही सेवेला लागलो. आमच्या घराण्यात जड वस्तू दिसली की चाकं लावायची, हा हाताचा गुणच. मी बाबांच्या खुर्चीला चाकं लावली, चांगली रबरी, दोनशे किलो सोसणारी. पलंगाला लावली. जेवायच्या छोट्या टेबलालाही लावली. बाबांना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, खुर्ची न्हाणीघरापर्यंत ढकलायची, तिथून उचलून आत, मग खिडकीपाशी, मग पुन्हा पलंगावर. बगलेखाली हात कुठे घालायचा, वजन कुठल्या पायावर घ्यायचं, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. बाबांचं अंग हलायच्या आत बाबा उचललेले असायचे.

दादाचा फोन यायचा रोज. दादा माझा थोरला भाऊ, दूरच्या शहरात नोकरीला. घर तळमजल्यावर, पुढे मोकळी जागा, वहिनी समजूतदार. ऑपरेशनला महिना झाल्यावर एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले हाड छान जुळलंय, आता पूर्ण वजन द्यायला हरकत नाही. पण द्यायचं कोणी? बाबा उभेच राहीनात. पाय थरथरायचे आणि ते मान हलवून बसून घ्यायचे. तेव्हा दादा म्हणाला की असं किती दिवस चालायचं, तिसऱ्या मजल्यावर माणूस कोंडून ठेवल्यासारखा झालाय. अजून सहा आठवडे बघू. तेवढ्यात बाबा स्वतःच्या पायांनी जिना उतरून चढले तर ठीक, नाहीतर मी येऊन त्यांना कायमचं माझ्याकडे घेऊन जातो.

दादाचं चुकत नव्हतं, हाच तर माझा संताप. मी फोन बाबांकडे दिला. म्हटलं आता याची खरडपट्टी निघेल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालेल."

सकाळचा चहा जरा पातळ झाला तर 'चालेल' न म्हणणारा माणूस, राहतं घर सोडायला चालेल म्हणाला. मग माझ्या ध्यानात आलं की आल्यापासून ते सगळ्यालाच चालेल म्हणत होते. भाजी अळणी, चालेल. खिडकी बंद करू, चालेल. मला त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. स्पष्ट सांगते, त्यांच्याशिवाय मला धंदा करता येणार नव्हता असं नाही, मला घरात जेवण गेलं नसतं.

त्याच आठवड्यात फिजिओवाली मुलगी यायला लागली. एवढीशी, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. बोलली की टोचायची, म्हणून मी तिला मनातल्या मनात टाचणी म्हणायला लागले आणि दोन दिवसांनी तोंडावरही म्हटलं. तिला राग आला नाही. म्हणाली, शाळेतही हेच नाव होतं.

पहिल्याच दिवशी तिने बाबांना खुर्चीतून उठून दाखवायला सांगितलं. बाबांनी खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवले, पुढे झुकले, जोर दिला, आणि खुर्ची वीतभर मागे सरकली. त्याबरोबर एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने नवरा पुढे झालो, आणि बाबांनी श्वास घ्यायच्या आत त्यांना उभं केलं. एकदम सफाईदार काम. मी टाचणीकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघितलं. तिने आम्हाला विचारलं की तुम्हाला कोणी बोलावलं होतं. मग आम्हा दोघांना पलंगावर बसवलं, हात मांडीखाली ठेवायला लावले, नवऱ्यालासुद्धा, आणि बाबांना म्हणाली पुन्हा. पुन्हा खुर्ची मागे. तिने खाली वाकून खुर्चीच्या पायांकडे बघितलं.

"ही चाकं कोणाची करामत?"

मी अभिमानाने सांगितलं की माझी, आणि दोनशे किलो सोसतात. टाचणीने कपाळावर हात मारला. मग तिने आम्हाला समजावलं, पहिलीतल्या मुलांना सांगतात तसं. उठणं म्हणजे काय, तर जमिनीला दाबणं. तुम्ही जमिनीला खाली जेवढं दाबाल, तेवढीच ती तुम्हाला वर रेटते, काडीचं कमी नाही की जास्त नाही. हात खुर्चीला दाबतात, खुर्ची हातांना उचलते. जगातली प्रत्येक वस्तू असा उलटा जोर देते, खुर्ची, भिंत, जिन्याचा कठडा, सगळ्या. फक्त ती जागेवर टिकायला हवी. पळणाऱ्या वस्तूला माणसाने रेटायचं कसं?

"तीन आठवडे हे जोर लावतायत आणि खुर्ची पळतेय," ती म्हणाली. "काकांना वाटलं, आपले पायच गेले."

मला तिथल्या तिथे ढकलगाडी आठवली. चाकावरून पडलेल्या माणसाला मी आणून पुन्हा चाकावरच बसवलं होतं. हा मूर्खपणा दुसऱ्या कोणाच्या घरात झाला नसता. त्यांच्याकडे एवढी चाकंच नसतात.

पण बाबा हसत होते. पडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, पोरी, हे मी यांना चाळीस वर्षं सांगतोय, कपाट हातांनी नाही, पायांनी सरकवायचं. आणि मग त्यांनी तिला पैलवानाची गोष्ट सांगितली. नवीन होता तेव्हा एका घरात गुळगुळीत फरशीवर मोजे घालून कपाट ढकलायला गेला. त्याने कपाटाला रेटलं, कपाटाने त्याला रेटलं, दोघांचा जोर सारखाच, पण कपाटाचे पाय धरलेले आणि याचे सुटलेले. कपाट होतं तिथेच, पैलवान पालथा. टाचणी हसून बेजार झाली. मी मात्र तेवढ्यात पाना आणून चाकं काढायला बसले होते. खुर्ची भिंतीला टेकवली आणि पायांखाली रबरी चटई टाकली.

दुसऱ्या दिवशी टाचणी वजनकाटा घेऊन आली, साधा, न्हाणीघरात ठेवतात तसला. बाबांना खुर्चीत बसवून दोन्ही पावलं काट्यावर ठेवायला लावली. काट्याने चौदा दाखवले. ती म्हणाली, हे नुसते पाय ठेवल्याचे, आता काट्याला दाबा. बाबांनी दाबलं. एकोणीस. टाचणी म्हणाली, म्हणजे जमिनीने एकोणीस किलोच्या जोराने तुम्हाला वर रेटलं. तुमचं वजन अठ्ठ्याहत्तर. काटा साठपर्यंत न्या, उरलेलं हात बघून घेतील, आणि बूड आपोआप सुटेल.

त्या काट्याने आम्हाला वेड लावलं. चोवीस झाले, एकोणतीस झाले. पैलवान कामावरून फोन करून विचारायचा, किती? लांबटाने भिंतीवर पेन्सिलीने आकडे लिहिले, मी त्याला रंग खराब केल्याबद्दल बोलले आणि खालचा आकडा स्वतःच लिहिला. नवरा तर ट्रक धुताना गुणगुणायला लागला. दोन आठवड्यांत अडतीस झाले. आणि तिथे घोडं अडलं ते अडलंच. रोज अडतीस. कधी सदतीस. सहातले तीन आठवडे संपले, दादाने फोनवर सांगितलं की त्याने बाबांसाठी खोली रंगवून घेतलीय, आणि बाबा म्हणाले चालेल.

टाचणी त्या दिवशी जाताना मला दाराबाहेर घेऊन गेली. माझ्या मनात आलं, संपलं, आता सांगणार की आशा सोडा. तिने भलतंच विचारलं. म्हणाली, या घरात काकांशी कोणी भांडत नाही का? मी म्हटलं, आजारी माणसाशी कोण भांडेल. ती म्हणाली, मी तीन आठवडे बघतेय. ते म्हणतात आज व्यायाम नको, तुम्ही म्हणता बरं. ते म्हणतात दिवा नको, तुम्ही अंधारात बसता. मग म्हणाली, "ताई, खुर्चीची चाकं तुम्ही काढलीत. तुमची कोण काढणार?"

आणि गेली तरातरा जिना उतरून. मी तिथेच उभी. खरं तेच होतं. बाबा पडले त्या दिवसापासून मी त्यांना एकदाही उलट बोलले नव्हते. बोलणार कुठल्या तोंडाने? त्यांनी मागितलेला चहा मी धावत आणत होते, न मागितलेलाही आणत होते, आणि प्रत्येक वेळी मला तो गुटका दाराखाली दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काट्यावर पाय ठेवून बसले, दोनदा दाबलं, सदतीस. म्हणाले, राहू दे आज, मला पलंगावर घे. मी पुढे झाले, हात बगलेपर्यंत गेले, आणि मी ते मागे घेतले. म्हटलं, नाही घेणार.

बाबांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. म्हणाले, अगं उचल ना. मी म्हटलं, उठायचं असेल तर उठा, नाहीतर बसा. मग त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला, आणि काय सांगू, मला त्या लालीचा इतका आनंद झाला. बाप खुर्चीत अडकलाय आणि पोरगी हात बांधून उभी आहे, असं त्यांनी सुरू केलं. मी म्हटलं, बापाने खोली रंगवून घ्यायला परवानगी दिली तेव्हा पोरीला विचारलं होतं का? ते म्हणाले, तुझ्या गळ्यात किती दिवस राहू. मी म्हटलं, गळ्यात कोण होतं, सगळं वजन तर पाठीवर घेतलं मी. ते म्हणाले, घ्यायला कोणी सांगितलं होतं? स्वयंपाकघरातून नवरा धावत आला, दारात थांबला आणि आला तसा मागे गेला. शहाणा माणूस आहे.

आणि त्या धबडग्यात माझ्या तोंडून निघून गेलं. "गुटका मी काढला होता. तुम्ही माझ्यामुळे पडलात."



"मला माहीत आहे," ते म्हणाले. "चढायच्या आधीच बघितलं होतं. म्हटलं एक दोरी तर सोडायचीय, कोण खाली वाकतंय."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत. ते म्हणाले, आधी मला माझीच लाज वाटत होती. चाळीस वर्षं लोकांना शिकवलं आणि स्वतः आळस केला. मग बघितलं की तू ते स्वतःवर घेऊन बसलीस. म्हटलं, बोलेल, भांडेल, रडेल, मग सांगू. तू बोलेचनास. नुसती उचलत राहिलीस. सारखं कोणी उचलायला लागलं ना, की माणसाला वाटतं आपण आता फक्त वजनच उरलोय.

मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने. बाबांनी रडू दिलं आणि मग म्हणाले, गुटका काढणाऱ्या माणसाला मी कामावर काय म्हणतो? मी नाक पुसत म्हटलं, गाढव. म्हणाले, मग आहेस. मी विचारलं, आणि गुटका नाही हे बघूनही वर चढणारा? ते म्हणाले, तो म्हातारा गाढव. तेव्हा माझी नजर खाली गेली. भांडणाच्या भरात त्यांची पावलं काट्यावरच होती, आणि अजून चेव उतरला नव्हता. काटा त्रेपन्नावर होता.

चौथ्या दिवशी बाबा उठले. टाचणी समोर, मी पलंगावर हात मांडीखाली घालून. काटा साठ, चौसष्ट, सत्तरीच्या पुढे, आणि बाबा खुर्चीपासून सुटले. उभे राहिले. पाय थरथरत होते पण धरून होते. जीव भांड्यात पडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. टाचणी म्हणाली ठीक आहे, आता बसा आणि पुन्हा. असली बया.

मग वॉकर, मग काठी, मग दारापर्यंत, मग जिना. पाचव्या आठवड्यात एक मजला. आता बाबांचं तोंड पूर्ववत झालं होतं. भाजीला नावं ठेवून झाली, कामावर फोन करून लांबटाला झापून झालं. चालेल हा शब्द घरातून हद्दपार झाला. रोज जिन्यावर आमची जुंपायची. मी म्हणायची उजवा पाय आधी, ते म्हणायचे मला चालायला तू शिकवणार का, आणि उजवाच पाय आधी टाकायचे. शेजारीण एकदा दार उघडून म्हणाली की काका बरे झाले वाटतं, आवाज येतोय.

सहाव्या रविवारी सकाळी दादा गाडी घेऊन आला. वहिनीने मागच्या सीटवर उशा आणि पांघरूण रचून दिलं होतं. मी खिडकीतून त्याला ओरडून सांगितलं की वर येऊ नकोस, खालीच थांब. तो घाबरला बिचारा.

बाबा निघाले. एका हातात काठी, एक हात कठड्यावर. आमच्या धंद्यात जिना उतरताना जो खाली असतो तो वजन घेतो, म्हणून मी सवयीने त्यांच्या खाली उतरायला लागले. बाबांनी काठीने मला बाजूला व्हायला सांगितलं. मी मागे गेले आणि दोन्ही हात पाठीशी एकमेकांत अडकवून ठेवले. नाहीतर हात माझं ऐकणार नव्हते. चोपन्न पायऱ्या. प्रत्येक पायरीला बाबा काठी दाबायचे, थांबायचे, आणि पुढची घ्यायचे. खाली दादा दारात उभा होता. त्याने हात पुढे केला तर बाबा म्हणाले, अजून अर्धं काम आहे. आणि वळून वर चढायला लागले. दुसऱ्या मजल्यावर पाच मिनिटं थांबले. पैलवान आणि लांबट सुट्टी असून आले होते, ते खालून मोजत होते. बाबा वर पोचले, घरात आले, खुर्चीत बसले. घामाने भिजले होते.

दादाने डोळे पुसले. म्हणाला, तू जिंकलीस. बाबा इथेच राहणार. मी त्याला म्हटलं बस, चहा टाकते. स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याला दोन्ही हात टेकून जरा उभी राहिले. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. नवरा आला आणि म्हणाला, दूध उतू जातंय. खरंच जात होतं.

चहा घेऊन बाहेर आले तर बाबा शर्ट बदलून उभे. हातात छोटी पिशवी. भरलेली.

मला काही कळेना. मी विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, चहा झाला की आम्ही निघतो. मी दादाकडे बघितलं, तो माझ्याइतकाच गोंधळलेला. म्हणाला, बाबा, अहो आता यायची गरज नाही. तुम्ही जिना चढलात.

"गरज नाही म्हणूनच येतोय," बाबा म्हणाले.

आता माझा पारा चढला. म्हटलं, मग सहा आठवडे हा आटापिटा कशाला केलात? काट्यावर पाय आपटले, मला रडवलंत, लांबटाने भिंत लिहून काढली, ते सगळं इथे राहता यावं म्हणून नव्हतं?

बाबा खुर्चीच्या हातावर टेकले. आवाज न चढवता म्हणाले, "सहा आठवडे हा मला न्यायला बघत होता आणि तू ठेवायला. कपाटाचं तसं असतं. एक नेतो, एक ठेवतो. मला जाता यावं म्हणून मी उठलो, पोरी. आणि परत येता यावं म्हणून."

मग दादाकडे बघून म्हणाले की तुझ्या घरी मी एकदाच आलोय, बारा वर्षांपूर्वी, तुझं सामान पोचवायला. चहासुद्धा उभ्यानेच प्यायलो, ट्रक रस्त्यात होता म्हणून. पाहुणा म्हणून कधी आलोच नाही. महिनाभर राहीन. सूनबाईला सांग, ती खोली मला आवडते की नाही ते मी बघून ठरवीन.

दादा खाली बघत होता. थोरला भाऊ माझा, दोन मुलांचा बाप, ऑफिसात त्याच्या हाताखाली तीस माणसं, आणि तो शाळेतून पहिला नंबर घेऊन आल्यासारखा दिसत होता. या सगळ्यात त्यालाही बाप हवा होता, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला वाटत होतं त्याला फक्त काळजी आहे.

चहा सगळ्यांनी बसून घेतला. मी पिशवी उचलायला गेले तर बाबांनी ती काठीच्या मुठीत अडकवून स्वतःकडे ओढली आणि म्हणाले, दादा घेईल. दादाने घेतली. दारात बाबांनी माझ्या डोक्यावर तळवा ठेवला, नेहमीसारखा जड. मला खूप रडायचं होतं आणि खूप भांडायचं होतं, आणि दोन्हीतलं काही जमलं नाही. मी एवढंच म्हटलं की एक तारखेला या. उशीर केलात तर दार उघडणार नाही.

ते उतरायला लागले. या वेळी मी मागेही गेले नाही, वरच कठड्याशी उभी राहिले. काठीचा आवाज खाली खाली जात होता. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, आणि बराच वेळ काही ऐकू येईना. नवरा पुढे निघाला तर मी त्याचा हात धरला. मग खालून बाबांचा आवाज आला, जिना दणाणून सोडणारा. म्हणाले, उद्याच्या कामात काचेचं कपाट आहे, ते आडवं नेऊ नकोस, आणि डोळे खिशात ठेवू नकोस.

मी वरून ओरडून सांगितलं की मला अक्कल शिकवू नका, तुम्ही पायरी बघा. खालून त्यांनी आणखी काहीतरी सुनावलं, मी त्यालाही उत्तर दिलं, आणि गाडी सुरू होईपर्यंत आमचं ते चालूच राहिलं.